शिडीचोर

आमचे साहेब कुठल्याही कारखान्यात गेले की आधी सांडपाण्याच्या खड्ड्यात डोकवायचे. मॅनेजर केबिनमध्ये बसा म्हणत असायचा, चहा सांगितलेला असायचा, आणि हे मागच्या बाजूला खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून आत बघत असायचे. पाणी किती, गाळ किती, हे बघत असतील असं नवख्या माणसाला वाटे. ते शिडी आहे का ते बघत. असली, की परत निघताना ती त्यांच्याबरोबर निघायची.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत, फेज टूमध्ये, त्यांचं उभे पंप बनवायचं वर्कशॉप होतं. मी कोपरीहून तिथे ड्रॉइंग काढायला जाऊ लागले तेव्हा हातात डिप्लोमा असूनही माझ्या डोळ्यांसमोर पंप म्हणजे गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा, तेवढाच होता. साहेबांचा पंप वेगळा. मोटर वर जमिनीवर, पंखा खाली पाण्यात बुडालेला, आणि दोघांच्या मध्ये माणसापेक्षा लांब शाफ्ट. आम्लाच्या टाक्या, रंगाच्या कारखान्यांतलं सांडपाणी, जिथे कोणी बोट घालणार नाही अशा ठिकाणी तो वरून सोडून ठेवायचा. जाळीत चिंध्या अडकल्या, बेअरिंग गेलं, की साखळीने उचलून अख्खाच्या अख्खा बाहेर घ्यायचा. “पंप वर येतो. माणूस खाली जात नाही,” हे साहेबांचं वाक्य आमच्याकडे इतकं ऐकू यायचं की लेथवरचा माणूस ते हुबेहूब त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचा. एकदा साहेब मागे येऊन उभे राहिले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “‘जात नाही’वर जोर दे.”

प्रत्येक पंपाबरोबर ते खड्ड्यावर आडवा गर्डर टाकून त्याला चेन पुली, म्हणजे साखळीने पंप वर ओढायची कप्पी, लटकवून द्यायचे, गिऱ्हाईकाने मागितली नसली तरी. आणि बदल्यात शिडी न्यायचे. हे विचारून वगैरे होत नसे. स्कूटरच्या डिकीत पाना आणि हॅक्सॉ कायमचे. भिंतीत बोल्ट मारलेली लोखंडी शिडी असो की नुसती टेकवलेली बांबूची, इकडे पंप चालू करून दाखवला, सगळ्यांनी माना डोलावल्या, की तिकडे आमची माणसं शिडी टेम्पोत चढवत असायची. मग गिऱ्हाईकांचे फोन मला.

“मॅडम, तुमच्या साहेबांनी आमची शिडी नेली.”

“हो,” मी म्हणायची. दुसरं काय म्हणणार?

सगळी एमआयडीसी त्यांना शिडीचोर म्हणे. तेव्हा ते नाव लाडाचं होतं. आमचे पंप वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालत, म्हणून लोक ही खोड पदरात घेत. नव्या मॅनेजरला जुना मॅनेजर सांगून ठेवायचा की हा माणूस येऊन गेला की आवारात एक नजर टाकत जा. एकदा साहेबांनी एका कंपनीतून गणपतीच्या मखराला लाइटिंग करायला आणलेली शिडी उचलून आणली, कारण ती खड्ड्याच्या कठड्याला टेकवून ठेवलेली होती. मंडळाची पोरं वर्कशॉपच्या गेटवर येऊन बसली. साहेबांनी ती परत दिली, पण देताना त्या पोरांना असा काही दम भरला की त्यांना आपणच चोर आहोत असं वाटलं असणार.

वर्कशॉपच्या मागे त्या शिड्यांचा ढीग होता. पावसाळ्यात त्यावर दुधीचा वेल चढायचा. कामगार डबा खाऊन झाला की नॅपकिन धुऊन तिथेच वाळत घालायचे. भंगारवाला येता-जाता त्या ढिगाकडे आशेने बघे. मी एकदा साहेबांना म्हटलं की देऊन टाका, जागा अडते.

“अख्खी शिडी भंगारात जात नाही, बाई,” ते म्हणाले. “ती कोणीतरी विकत घेतो, आणि ती परत कुठल्यातरी खड्ड्यात उभी राहते.”

“मग कापून द्या.”

“कापू कधीतरी. वेळ होईल तेव्हा.”

तो वेळ कधी झाला नाही. मला वाटतं त्यांना तो ढीग बघायला आवडायचा. जेवणानंतर चाचणीच्या टाकीच्या कठड्यावर ढिगाकडे तोंड करून बसायचे आणि बडीशेप चघळायचे.

हा माणूस गोड होता असं कोणी समजू नये. रागीट होता, हट्टी होता, आणि आपलं म्हणणं सोडून दुसरं म्हणणं असू शकतं हे त्याला मान्य नव्हतं. घरात त्यांनी स्टूलसुद्धा ठेवू दिलं नव्हतं. “आमच्याकडे माळ्यावर गेलेली वस्तू परत येत नाही,” त्यांच्या बायको, आमच्या काकू, सांगायच्या, आणि दिवाळीला शेजारच्यांकडून स्टूल मागून आणायच्या. सोसायटीच्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीला साहेबांनी स्वतःचं कुलूप ठोकलं होतं. टाकी धुवायला आलेल्या माणसांना किल्लीसाठी ते घरी परतेपर्यंत थांबावं लागायचं. कमिटीने दोन नोटिसा काढल्या. साहेबांनी त्या नोटिसांवर चहाचा कप ठेवला.

एका कारखान्यात मी त्यांच्याबरोबर मापं घ्यायला गेलेले. तिथला एक फिटर खाली पडलेला पाना काढायला खड्ड्यात उतरला होता, कमरेपर्यंत आत. साहेबांनी त्याला दंडाला धरून ओढून बाहेर काढलं आणि सगळ्यांदेखत मुस्काटात मारली. तो फिटर साहेबांच्या दुप्पट अंगाचा. त्याला काय झालं तेच कळेना.  

“वास येत होता, मान्य,” परत येताना रिक्षात साहेब म्हणाले. “वास येतोय तोवर ठीक असतं. यायचा थांबला की लोकांना वाटतं गॅस गेला. गॅस कुठे जात नाही. नाक मेलेलं असतं. मग माणूस.”

त्यांच्या शिड्या नेण्याला विरोध करणारे सगळेच मूर्ख नव्हते. एका मोठ्या कंपनीतले सेफ्टी ऑफिसर मुद्दाम वर्कशॉपवर आले होते. शांत गृहस्थ. म्हणाले, “उद्या कोणी चुकून पडलं आत, तर त्याने वर यायचं कसं? बाहेर पडायला रस्ता नको?”

“बाहेर पडायचा रस्ता ठेवला की आत जायचा होतो,” साहेब म्हणाले.

“पण पडला तर?”

“पडू नये म्हणून झाकण करा. मी करून देतो.”

ते गृहस्थ मान हलवत गेले. त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं होतं, आणि आजही ते मला पूर्ण खोडून काढता येत नाही. मी तसं साहेबांना म्हटलं. तेव्हा, त्या एकदाच, त्यांनी मला सांगितलं. तरुणपणी ते कल्याणच्या पुढे एका कारखान्यात नोकरीला होते. खड्ड्यात एक जण उतरला आणि पडला. त्याला काढायला दुसरा शिडीवरून धावत उतरला, तोही पडला. त्या दोघांना काढायला तिसरा. “चौथा मी होतो. पाय पायरीवर ठेवलेला. मागून कोणीतरी कॉलर धरून खेचलं. आत शिडी होती म्हणून नंतरचे दोघं गेले. नसती तर काठावर उभे राहून बोंबलले असते, पण संध्याकाळी घरी गेले असते.” एवढं सांगून त्यांनी मला गर्डरचं ड्रॉइंग पुन्हा काढायला लावलं, कारण त्यात एक माप राहिलं होतं.

मग तो दिवस आला. आमचाच पंप, फेज टूमधलीच एक कंपनी, तिथली शिडी आम्हीच उचलून आणलेली. पंपाच्या जाळीत प्लॅस्टिक अडकलं आणि पाणी ओढेनासं झालं. पंप उचलून घ्यायचा, साफ करायचा, परत सोडायचा, एवढंच काम. पण सुपरवायझर म्हणाला, उचलत कशाला बसता, उतरून हाताने काढ. ज्याला सांगितलं तो कंत्राटी कामगार, कल्याण पूर्वेचा, नुकतं लग्न झालेला. शिडी नव्हती, म्हणून त्याने गर्डरला दोर बांधला आणि दोराने उतरला. खाली पोचायच्या आतच गॅसने हात सुटले. त्या हिसक्याने गाठ सुटली आणि दोरही त्याच्यावर पडला.

त्याचा थोरला भाऊ त्याच कंपनीत फिटर होता. तो धावत आला तेव्हा खाली जायला काहीच नव्हतं, ना शिडी ना दोर. तो उडी मारायला निघाला, तेव्हा त्याला चौघांनी दाबून धरलं. अग्निशमन दलाची माणसं मास्क लावून उतरली आणि त्यांनी धाकट्याला वर काढलं. तोवर फार उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी साहेब तिथे जाऊन आले. टेबलाशी उभे राहूनच मला म्हणाले, “चेन पुली उलटी लटकवलीय. ओढायची साखळी भिंतीकडे आहे. आपण अशी लावत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे काल ती तिथे नव्हती. कोणीतरी नेली होती आणि नंतर आणून लावली.”

मला सुटल्यासारखं झालं. वाईट वाटतं सांगायला, पण एक तरुण मुलगा मेला होता आणि मला पहिल्यांदा हायसं वाटलं ते ह्याचं, की दोष आमच्याकडे येणार नाही. पंप उचलायचं साधन कंपनीनेच हलवलं होतं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता पोलिसांना सांगा. ते बाहेर ढिगाकडे गेले.

त्या मुलाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ते पांढरा सदरा घालून गेले. चाळीपुढच्या मंडपात अगदी शेवटच्या खुर्चीवर बसले. वंदना संपली, माणसं एकेक करून फोटोपुढे फूल ठेवायला उठली, तेव्हा कोणीतरी त्यांना ओळखलं. हाच तो शिडी नेणारा. एका म्हाताऱ्या बाईने त्यांना हाताने गेट दाखवलं. हातातलं फूल तसंच घेऊन ते परत आले. ते फूल माझ्या टेबलावर सुकेपर्यंत पडून होतं, मला ते टाकवेना.

त्यानंतर भाऊ वर्कशॉपवर आला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. साहेबांच्या समोर खुर्ची होती, ती त्याने पायाने बाजूला सारली.

“आमच्या खड्ड्यातली शिडी कुठली?” त्याने विचारलं.

साहेब उठले, त्याला मागे घेऊन गेले आणि दाखवली. पिवळा रंग दिलेली, अँगलची. तो तिच्याकडे बघत राहिला आणि मग लाथा घालायला लागला. इतक्या लाथा, की मधली पायरी वाकली आणि त्याचा बूट फाटला. लेथवरचा माणूस पुढे निघाला, साहेबांनी त्याला हाताने थांबवलं.

“चेन पुली मी नेलेली,” भाऊ एकदम म्हणाला. धाप लागली होती त्याला. “सुपरवायझर बोलला, दुसऱ्या शेडमध्ये मोटर उचलायचीय, घेऊन ये. परत लावेन बोललो, राहिलं. ती असती तर तो उतरलाच नसता. घरी कोणाला नाय सांगितलं मी.” मग आवाज चढवून, “पण शिडी असती ना, तर मी गेलो असतो खाली. काढलं असतं ना मी त्याला? तुम्ही सांगा. तुम्हाला कळतं ना ह्यातलं. काढलं असतं की नाय?”

मी दारात उभी होते. साहेब काय म्हणणार हे मला पाठ होतं. दुसरा गेला, तिसरा गेला, चौथा मी होतो. ज्या गोष्टीसाठी त्यांनी जन्मभर लोकांशी भांडणं केली ती सांगायची वेळ ह्याहून दुसरी नव्हती.

“हो,” साहेब म्हणाले. “काढलं असतंस.”

तो बघतच राहिला.

“पुलीचं काय, ती कोणीही हलवतं. ती नसली तरी शिडी असती तर वाचला असता तो. शिडी मी नेली. तुझा त्यात काही दोष नाही.”

भाऊ रडायला लागला. मग त्याने साहेबांना आईवरून शिवी दिली आणि निघून गेला. चालताना त्याची पाठ मात्र आला तेव्हापेक्षा सरळ होती, हे मी स्वतः पाहिलं.

मी साहेबांवर जितकी चिडले तितकी कधी कोणावर चिडले नाही. म्हटलं, “खोटं बोललात तुम्ही. तोही मेला असता.”

“हो.”

“मग?”

“मग काय? तू मेला असतास, हे ऐकून त्याला बरं वाटलं असतं? मरणच तर हवंय त्याला आत्ता. घरी म्हातारी आहे, धाकट्याची बायको आहे, आता हा एकटाच कमावता. राग माझ्यावर काढू दे. स्वतःवर काढायला लागला तर हाही जाईल.”

“निदान पोलिसांना तरी सांगा, पुली नव्हती म्हणून.”

“पुली कोणी नेली विचारतील. कंपनी सुपरवायझरचं नाव देईल की त्याचं?”

 चौकीत साहेबांना विचारलं, शिडी कोणी काढली. म्हणाले, मी. कोणाला विचारून? कोणाला नाही. पुलीबद्दल अवाक्षर नाही. कंपनीच्या मॅनेजरने लिहून दिलं होतंच, की पंपवाल्याने शिडी काढून नेल्यामुळे कामगाराला वाचवता आलं नाही. केस पुढे रेंगाळत राहिली, कोणाला शिक्षा झाली नाही. पण शिडीचोर हे नाव आता कोणी हसून घेईना. ज्या कारखान्यांत आमचे पंप होते तिथे नव्या शिड्या बसल्या. ऑर्डर थांबल्या. वर्कशॉपमधली माणसं एकेक करून दुसरीकडे गेली, लेथवरचा सर्वांत शेवटी. मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरी धरली. एका माणसाला जगवायला साहेबांनी आम्हा सगळ्यांचं वर्कशॉप घालवलं, असं मी कित्येक वर्षं म्हणत आले. ते खोटं नाही. राग अजूनही पूर्ण गेलेला नाही.

मधूनमधून जायची मी भेटायला. शटर अर्धं वर करून, कोणी न मागितलेल्या पंपाचा शाफ्ट कानस घेऊन घासत बसलेले असत. भावाचं नाव एकदाच निघालं. “कामावर जातो म्हणे रोज,” ते म्हणाले. कुठून तरी चौकशी करत असणार. त्यानंतर दोन पावसाळे काढले त्यांनी. मग एका सकाळी काकूंचा फोन आला की झोपेतच गेले.

जागा विकायची ठरली तेव्हा काकूंनी मला बोलावलं, त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. भंगारवाला टेम्पो घेऊन आलेला. त्याची माणसं दुधीचा वाळलेला वेल ओढून शिड्या मोकळ्या करत होती. मी म्हणत होते की ह्या अख्ख्या न्यायच्या नाहीत, आणि तो म्हणत होता की मग ग्राइंडर कोण चालवणार, माझ्याकडे तो चालवणारा माणूस नाही. एवढ्यात गेटमधून एक जण आत आला. केस पांढरे व्हायला लागलेले. मला लगेच ओळखू आला नाही, त्याने मला ओळखलं.

“साहेबांना भेटायचं होतं, ताई.”

“गेले ते. महिना झाला.”

तो चाचणीच्या कोरड्या टाकीच्या कठड्यावर टेकला, साहेब बसायचे तिथेच. मग खाली बघत म्हणाला, “नवीन कंपनीत लागलोय. तिकडे ट्रेनिंग झालं आमचं. सर बोलले, पहिल्याला काढायला जो उतरतो तो पण राहतो आतच. मास्कशिवाय कोण वाचत नाय बोलले. मी उठून विचारलं, शिडी असली तरी? तर बोलले, शिडी असली म्हणजे तर नक्कीच.”

भंगारवाल्याला मी हाताने थांबायला सांगितलं.

“साहेबांना माहीत होतं हे?”

“होतं.”

“तेव्हा पण?”

“तेव्हाही.”

त्याने तोंडावरून हात फिरवला. “मी त्यांना आईवरून बोललेलो,” तो म्हणाला.  काकूंनी आतून त्याला पाणी आणून दिलं, हा कोण हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्याला ते पाणी पिववेना.

भंगारवाला पुन्हा माझ्याशी वाद घालायला आला, तेव्हा शिड्या अख्ख्या जाऊ द्यायच्या नाहीत हे भावाने ऐकलं. उठला, आत जाऊन ग्राइंडर शोधून आणला, वायर लावली आणि ढिगातली पहिली शिडी खाली घेतली. प्रत्येक पायरी दोन्हीकडून कापून वेगळी, मग बाजूचे अँगल मधोमध. बांबूच्या होत्या त्या हॅक्सॉने. पिवळी, वाकलेल्या पायरीची मधेच कुठेतरी आली. ती त्याने जरा वेळ हातात धरली आणि इतरांसारखीच कापली.

भंगारवाल्याला राहवेना. “अरे दादा, असे तुकडे कशाला करतोस? चांगल्या शिड्या आहेत. अख्ख्या राहिल्या तर कोणाच्या तरी कामाला येतील.”

“म्हणून तर कापतोय,” तो म्हणाला, आणि त्याने पुढची शिडी ओढली.